बिलावरची किंमत, बंदरावरची किंमत

विरारहून चर्चगेटकडे निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ती नालासोपाऱ्याला. स्टेशनच्या पश्चिमेचं सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. समुद्रापलीकडचा माल ज्या काळात या खाडीत उतरत होता, त्या काळी जकात कशी आकारत असतील हे समजून घ्यायला एक चांगला आधार आपल्याकडे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला शुल्काध्यक्षाचा अध्याय.

वेशीजवळ शुल्कशाळा, तिच्यावर ध्वज. चार-पाच कारकून व्यापाऱ्याची नोंद करून घेणार: कोण, कुठून आला, माल किती, मुद्रा कुठे मारून घेतली. मग व्यापाऱ्याने ध्वजाखाली उभं राहून मालाचं माप आणि मोल सांगायचं, आणि तेवढ्या मोलाला घेणारा कोण आहे अशी तीनदा हाळी द्यायची. गिऱ्हाइकांत चढाओढ लागून भाव वाढला, तर वाढीव रक्कम जकातीसकट राजाच्या कोशात जाणार. जकातीच्या भीतीने माल किंवा मोल कमी सांगितलं, तर जास्तीचं राजाने घ्यावं, नाहीतर आठपट जकात वसूल करावी. प्रतिस्पर्ध्याच्या धास्तीने कुणी मुद्दाम भाव चढवला, तर ती वाढही राजाची.

कस्टमच्या बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाच्या नोंदपत्रात, आजही हेच रकाने भरावे लागतात. मी आयुष्यभर तेच भरत आलो. क्लिअरिंग एजंटच्या पेढीत कामाला लागलो, गळ्यात कस्टमचं एच-कार्ड आलं आणि विरार फास्टने चर्चगेट, तिथून बॅलार्ड इस्टेटचं न्यू कस्टम हाऊस हा रस्ता पायाखालचा झाला. तिथल्या ग्रुपांच्या, म्हणजे आकारणी करणाऱ्या विभागांच्या, टेबलांपुढे उभं राहून जी भांडणं पाहिली, त्यांतली सगळ्यात चिवट भांडणं किमतीची होती. माल दरपत्रकातल्या कोणत्या शीर्षकाखाली येतो हा वाद पुस्तक उघडून मिटवता येतो, वजनाचा वाद काट्यावर मिटतो. किमतीचं तसं नाही. या वादाचा इतिहास चाळताना माझं एक मत पक्कं होत गेलं. खरी किंमत कोणती, हा यातला वरवरचा प्रश्न. संशय आल्यावर पुरावा कुणी द्यायचा आणि कारण कागदावर कुणी लिहायचं, हा आतला प्रश्न, आणि गेली दीडशे वर्षं कोर्टं मुख्यतः त्याच्याशीच झगडत आली आहेत.

आमच्या वसईचं या इतिहासात एक जुनं पान आहे. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्या तहात एक अट होती. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघावं आणि परतताना वसईला येऊन जकात भरावी. जहाजं दुसऱ्याच बंदरात माल उतरवून मोकळी होऊ नयेत, याची ती तजवीज होती. मोल ठरवायचं तर माल आधी आपल्या धक्क्यावर आला पाहिजे, एवढं सोळाव्या शतकात सगळ्यांनाच कळत होतं.

आधुनिक कायद्याची सुरुवात १८७८ च्या सी कस्टम्स ॲक्टने झाली. त्याचं कलम ३० ‘खऱ्या किमती’चं. त्या जातीचा आणि त्या प्रतीचा माल आयातीच्या वेळी, आयातीच्या ठिकाणी घाऊक, रोखीने, व्यापारी सूट वजा जाता ज्या भावाने विकला जातो किंवा विकता येईल, ती खरी किंमत. असा भाव कळतच नसेल, तर तसा माल त्या बंदरात आणून पोचवायला जो खर्च येईल तो. म्हणजे आयातदाराने परदेशात प्रत्यक्ष किती पैसे मोजले हे कायदा विचारत नव्हता. इथल्या धक्क्यावर त्याचा काय भाव आहे, हे विचारत होता.

त्यावरून १९३० च्या दशकात दोन खटले लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. पहिला व्हॅक्यूम ऑइल कंपनीचा, १९३२ सालचा. त्यात असं ठरलं, की किंमत ही बंदरात माल आहे त्या स्थितीतली हवी. उधारीमुळे वाढलेला भाव चालणार नाही, आणि व्यापारी सूट वजा करूनच ती धरायची. दुसरा फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडियाचा. कंपनी आपल्या गाड्या आपल्याच वितरकांना विकते, तसल्या दुसऱ्या कुणाच्या गाड्या बंदरात नाहीत, मग ‘त्या जातीचा माल’ शोधायचा कुठे? प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, की दुसरा नमुना नसला तर आकारणीला आलेला माल स्वतःच आपल्या जातीचा नमुना मानता येतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्यांचा माल एकाच कंपनीकडून येतो, अशा प्रत्येक आयातदाराच्या फायलीत हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिलं.

स्वातंत्र्यानंतर १९६२ चा कस्टम्स ॲक्ट आला, १ फेब्रुवारी १९६३ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ ची मांडणी युरोपातल्या ‘ब्रुसेल्स व्याख्ये’च्या वळणाची होती. आंतरराष्ट्रीय व्यापारात, एकमेकांच्या धंद्यात हितसंबंध नसलेल्या विक्रेत्या-खरेदीदारांत, तसा माल आयातीच्या वेळी आणि ठिकाणी साधारणपणे ज्या भावाने विकला जातो, तो भाव. कळीचा शब्द ‘साधारणपणे’. तुमचा सौदा काहीही असो, बाजारात साधारण काय चाललंय ते बघू. करार झाला तेव्हा माल स्वस्त होता, जहाज लागेपर्यंत बाजार चढला, तर ड्युटी चढलेल्या भावावर. राजकुमार निटिंग मिल्स विरुद्ध मुंबईचे कस्टम कलेक्टर या खटल्यात १९९८ साली सुप्रीम कोर्टाने जुन्या कलमाचा हाच अर्थ लावला. कराराचा भाव आणि आयातीच्या दिवशीचा भाव यांत दुसराच धरायचा.

या व्यवस्थेत ग्रुपमधल्या अप्रेझरच्या, म्हणजे किंमत तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हातात मोठी सत्ता होती. त्याच्यामागे कपाटात परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग आणि प्राइस लिस्ट, धातूंच्या भावांची परदेशी मासिकं, आणि टेबलावर रजिस्टर. त्या रजिस्टरात कुठल्या देशातून कुठला माल कोणत्या भावाने सुटला याच्या नोंदी. बिल ऑफ एंट्रीचे रंग तेव्हा ठरलेले. थेट वापरासाठी सोडायचा माल पांढऱ्यावर, बाँडमध्ये ठेवायचा पिवळ्यावर, बाँडमधून काढायचा हिरव्यावर. पांढऱ्या कागदावर आपण टाइप केलेल्या आकड्याभोवती अप्रेझर पेनाने एक गोल काढायचा आणि शेजारी दुसरा आकडा लिहायचा. आमच्या बोलीत याला ‘व्हॅल्यू लोड केली’ म्हणतात. तो गोल दिसला, की पेढीवर फोन करायला धावायचं.

अप्रेझरच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण संशय उगाच येत नसे. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने कस्टम ड्युटीचा कमाल दर खाली आणला, तोही १५० टक्क्यांवर. त्याआधी काही मालावर तो याहून कितीतरी जास्त होता. १५० टक्के ड्युटी असेल आणि शंभर रुपयांचा माल ऐंशीला दाखवला, तर तीस रुपये ड्युटी वाचते. उरलेले वीस रुपये हवाल्याने बाहेर पोचवायचे. एकाच मालाची दोन बिलं, एक कस्टमला दाखवायचं आणि एक खरं, असे व्यवहार होत होते आणि त्या पैशांवर माणसं गबर झाली. प्रामाणिक आयातदार अशा माणसापुढे बाजारात टिकत नाही. कमी किंमत दाखवणाऱ्याला पकडलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं. प्रश्न पकडण्याच्या पद्धतीचा आहे.

ती पद्धत बदलली जिनिव्हातल्या वाटाघाटींमुळे. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या टोकियो फेरीतून १९७९ मध्ये किंमत ठरवण्याची नवी संहिता निघाली. तिचा गाभा असा, की या सौद्यात प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची असलेली रक्कम हीच किंमत, आणि ती नाकारायची असेल तर ठरावीक कारणांनीच नाकारा. त्या धर्तीवर आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८८ पासून नवे मूल्यनिर्धारण नियम लागू झाले. सौद्याची किंमत नाकारली, तर तंतोतंत तसाच माल, मग तत्सम माल, मग इथल्या विक्रीवरून उलटा हिशेब, मग उत्पादनखर्च, आणि शेवटी उरलेला मार्ग, अशा पायऱ्या उतरत जायचं. पायरी गाळायची नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये नियम १०अ घातला गेला: अधिकाऱ्याला दाखवलेल्या किमतीबद्दल शंका घेण्याचं कारण असेल तर त्याने आणखी कागद मागावेत, त्यानंतरही रास्त शंका उरली तर सौद्याची किंमत बाजूला ठेवावी, आणि आयातदाराने मागितलं तर शंकेची कारणं लेखी द्यावीत.

नियम बदलले, टेबलं तीच होती. ‘साधारणपणे’ची सवय मोडायला सुप्रीम कोर्टाला मध्ये यावं लागलं, आणि ते ज्या खटल्यात घडलं तो मुंबई कस्टमचाच. आयशर ट्रॅक्टर्स विरुद्ध कमिशनर ऑफ कस्टम्स, मुंबई, निकाल नोव्हेंबर २०००.

या खटल्यापाशी जरा थांबतो. ट्रॅक्टर बनवणाऱ्या या कंपनीने जपानच्या नाची फुजिकोशीकडून बेअरिंगं घेतली. माल काही वर्षं विक्रेत्याकडे पडून राहिलेला, जुना साठा. तो खपवायचा म्हणून प्राइस लिस्टवर ७७ टक्के सूट मिळाली. कस्टमचं म्हणणं असं, की नेहमीच्या व्यापारात ३० टक्क्यांपर्यंत सूट समजू शकतो. म्हणून यादीच्या भावातून तेवढीच वजा करून ड्युटी आकारली. अपिलं झाली, ट्रायब्युनलने कस्टमचीच बाजू घेतली. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती रूमा पाल यांनी निकाल लिहिला. नियमांत जे अपवाद दिले आहेत त्यांतला एखादा लागू होत नसेल, तर याच सौद्याची किंमत स्वीकारावी लागेल. प्राइस लिस्ट म्हणजे विक्रेत्याने जाहीर केलेला भाव, प्रत्येक गिऱ्हाइकाने तेवढेच पैसे दिले याचा तो पुरावा होत नाही. आणि पडून राहिलेला माल सुटीत काढणं ही व्यापारातली सगळ्यांना ठाऊक असलेली रीत आहे. सूट मोठी दिसली एवढ्यावरून सौदा खोटा ठरत नाही.

या निकालाची झेरॉक्स पेढीपेढीतून फिरली. आमच्याकडे ती प्लास्टिकच्या फोल्डरात असायची, महत्त्वाच्या परिच्छेदांना समासात पेन्सिलीच्या उभ्या रेघा. अप्रेझरपुढे ती ठेवताना पहिल्यांदाच असं वाटलं, की आपण विनंती करत नसून कायदा दाखवतो आहोत.

त्याच सुमारास, जानेवारी २००१ मध्ये, सुप्रीम कोर्टाने कस्टमच्या बाजूने एक मोठा निकाल दिला, तोही मुंबईतल्याच जुन्या कंपनीच्या, असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात. परदेशी सल्लागारांकडून येणारी तांत्रिक रेखाचित्रं, मॅन्युअलं, डिस्क यांची किंमत कागदाच्या रद्दीइतकी नाममात्र दाखवली जाई. आत असलेलं ज्ञान म्हणजे माल नव्हे, असा युक्तिवाद. कोर्टाने तो मानला नाही. ज्ञान कागदावर किंवा डिस्कवर उतरून बंदरात आलं की तो माल, आणि त्यातल्या बुद्धीची किंमत मालाच्या किमतीतच धरायची. मला हा निकाल पटतो. पुस्तकाची किंमत कोऱ्या कागदाच्या भावाने कुणी करत नाही.

२००७ मध्ये साउथ इंडिया टेलिव्हिजनच्या खटल्यात मुंबईचेच न्यायमूर्ती सरोश कपाडिया यांनी पुराव्याचं ओझं कुणावर, हे स्वच्छ लिहिलं. इन्व्हॉइस हा पुरावा आहे. तो खोटा म्हणायचा तर खात्याने तत्सम मालाच्या त्याच काळातल्या आयातीचा पुरावा समोर ठेवावा. तो नसेल तर संशयाचा फायदा आयातदाराला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून कलम १४ बदललं, ‘साधारणपणे’ गेलं, सौद्याची किंमत कायद्याच्याच मजकुरात आली. नव्या नियमावलीत १०अ चा झाला नियम १२.

एका टक्क्याची गोष्टही याच रांगेतली. बंदरात माल उतरवण्याचा, हाताळण्याचा खर्च म्हणून विमा-भाड्यासकटच्या किमतीवर सरसकट एक टक्का धरला जाई. खर्च प्रत्यक्षात किती झाला हे पावतीवर दिसत असताना काल्पनिक टक्का कशाला, असा विप्रोचा वाद. एप्रिल २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये हा टक्का नियमांतूनच गेला. एक टक्का काढून टाकायला वर्षानुवर्षं लढण्याचं बळ मोठ्या कंपनीकडे असतं.

आमच्याकडे ते नसतं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या पट्ट्यात छोटे गाळे आहेत. पत्र्याच्या छपराखाली दोन-चार मोल्डिंग मशिनं, नाहीतर स्टीलची भांडी घडवणारे प्रेस. यांतल्या कुणाला प्लास्टिकचे दाणे लागतात, कुणाला स्टीलच्या पत्र्यांचा स्टॉक लॉट, कुणाला भंगार. वर्षाला मोजके कंटेनर. या माणसाचा माल लोड होतो तेव्हा त्याच्यापुढे काय असतं? कंटेनर यार्डात उभा, त्याचं डेमरेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, दिवसागणिक चढतंय, शिपिंग लाइनचं डिटेन्शन वेगळं. गाळ्यात कामगार बसून. कायदा सांगतो, की अधिकाऱ्याने आयातदाराच्या मर्जीविरुद्ध किंमत बदलली, तर पंधरा दिवसांत कारणांसह आदेश द्यावा, त्यालाच स्पीकिंग ऑर्डर म्हणतात. पण आयातदाराने फेरआकारणी लेखी मान्य केली असेल, तर आदेशाची गरज नाही.

त्या मान्यतेचं पत्र मी इतक्यांदा टाइप केलंय की मजकूर पाठ आहे. वाढीव किंमत आम्हाला मान्य आहे, आम्हाला स्पीकिंग ऑर्डर नको, सुनावणी नको, माल लवकर सोडावा. खाली कंपनीचा गोल शिक्का आणि मालकाची सही. सही करताना मालक माझ्याकडे बघायचे. “काका, देऊ ना?” असं विचारणारे माझ्या मुलाच्या वयाचे होते. मी हिशेब मांडायचो: वाढीव ड्युटी एवढी, पंधरा दिवसांचं डेमरेज एवढं. बहुतेकदा डेमरेज जड निघायचं, आणि सही व्हायची.

हे पत्र म्हणजे पुढचे सगळे रस्ते बंद. आकारणीविरुद्ध अपील केलं नाही तर नंतर परतावा मागता येत नाही, हे प्रिया ब्लू इंडस्ट्रीजच्या खटल्यात २००४ मध्ये ठरलं. सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसीच्या निकालाने स्वतः केलेल्या आकारणीलाही तेच लावलं. आणि ज्याने मान्यता लिहून दिली त्याला नंतर अपिलात किमतीवर बोलू देणं ट्रायब्युनललाही अवघड जातं. त्याहून वाईट म्हणजे, लोड झालेला हा आकडा खात्याच्या डेटाबेसमध्ये, एनआयडीबीत, जाऊन बसतो आणि पुढच्या आयातदाराच्या बिलावर संशय घ्यायला कामी येतो. माझ्या मते या क्षेत्रातला आजचा सगळ्यात मोठा अन्याय हा आहे. भाव सौद्यातून ठरावा म्हणून कायदा बदलला, आणि सहीच्या पत्रांतून ‘साधारण भाव’ पुन्हा मागच्या दाराने आत आला.

म्हणूनच १७ मे २०१९ चा सेंच्युरी मेटल रिसायकलिंगचा निकाल मला मोलाचा वाटतो. माल ॲल्युमिनियमचं भंगार. खात्याच्या भाव-सूचनांवर बोट ठेवून किमती वाढवल्या जात होत्या आणि आयातदारांकडून मान्यता घेतली जात होती. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी लिहिलेल्या निकालाने नियम १२ पुन्हा सरळ वाचून दाखवला. शंका रास्त हवी, ती याच मालाबद्दल, याच कागदांबद्दल हवी, कारणं नोंदलेली हवीत आणि मागितल्यावर लेखी द्यायला हवीत. सरसकट सूचनेवर बिल फेटाळता येत नाही. वर्षा प्लास्टिक्सच्या २००९ च्या निकालाचा रोखही तसाच होता: मासिकांतले भाव आणि वरिष्ठांचे स्थायी आदेश मार्गदर्शनापुरते, आकारणी अधिकाऱ्याने स्वतःच्या विचाराने करायची.

२०२० मध्ये फेसलेस आकारणी आली. न्हावा शेवाला आलेल्या मालाचं बिल आता चेन्नईत किंवा बंगळुरूत बसलेला अधिकारी बघू शकतो. टेबलं गेली, गोल गेला, पडद्यावर ‘क्वेरी’ येते. फेब्रुवारी २०२३ पासून आणखी एक नियमावली लागू आहे. ज्या मालाच्या किमती कमी दाखवल्या जातात असं वाटतं, तो माल चौकशीअंती नावानिशी जाहीर करायचा आणि मग त्याच्या आयातदाराने जादा माहिती द्यायची. यात मला एक बरं दिसतं, की संशय आधी जाहीर होतो, सगळ्यांना सारखा कळतो. जादा कागद गोळा करण्याचं ओझं मात्र वालीवच्या गाळ्यावर पडतं, जिथे हिशेब बघायला मालकाची बायको आणि अर्धवेळ अकाउंटंट एवढीच माणसं असतात.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत स्टीलच्या पत्र्यांचा स्टॉक लॉट आणलेला एक मालक एका बंदरात अडून बसला. पत्रे वेगवेगळ्या जाडीचे, काहींच्या कडांना गंजाचे डाग, विक्रेत्याने तसं इन्व्हॉइसवर लिहिलेलं. नव्या पत्र्याच्या भावाने लोड झालं. त्याने मान्यतेचं पत्र द्यायला नकार दिला, आक्षेप नोंदवून ड्युटी भरली, माल सोडवला आणि स्पीकिंग ऑर्डर लेखी मागितली. ती पंधरा दिवसांत आली नाही, स्मरणपत्रांनंतर आली. तिच्यात डेटाबेसमधले तीन आकडे होते, तिन्ही नव्या पत्र्यांचे. साठ दिवसांच्या आत कमिशनर अपील्सकडे गेलो. विक्रेत्याची ई-मेलं, बँकेचा स्विफ्ट संदेश, यार्डातल्या तपासणीचा अहवाल ज्यात गंजाचा उल्लेख होता, आणि आयशरच्या निकालाची नवी झेरॉक्स. अपील मंजूर झालं. परताव्यासाठी पुन्हा अर्ज, वाढीव ड्युटीचा बोजा गिऱ्हाइकावर टाकला नसल्याचं सीएचं सर्टिफिकेट, मग पैसे. डेमरेजचे मिळाले नाहीत, ते कायद्यात कुठेच बसत नाहीत. पुढच्या कंटेनरच्या वेळी त्याने कागदांचा हाच गठ्ठा बिलासोबतच अपलोड केला, आणि तो माल इन्व्हॉइसच्या भावाने सुटला.